दमाने पळावे

कोणती आष्टी?

आपल्या महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे बरीच आहेत. एक आष्टी वर्धा जिल्ह्यात आहे. एक बीड जिल्ह्यात आहे, ती तालुक्याचे गाव आहे. आमची आष्टी जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात आहे.

१ ऑक्टोबर २०२३ ची संध्याकाळ. आम्ही पाचसात जण पारावर बसलो होतो. एक शाळकरी पोरगा मोबाइल घेऊन धावत आला. म्हणाला, "आष्टीच्या माणसाला सोन्याचं पदक मिळालं! चीनमध्ये! पळण्यात!"

सगळे उठून उभे राहिले. "कोणाचा रं पोरगा? कोणत्या गल्लीतला?"

मग पोराने बातमी नीट वाचली. ती आष्टी आमची नव्हती. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथला अविनाश साबळे. चीन देशातल्या हांगझोऊ शहरात आशियाई खेळ चालले होते. तिथे त्याने तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत जिंकली होती. या शर्यतीत पळता पळता अठ्ठावीस वेळा आडव्या लाकडावरून आणि सात वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. ती त्याने ८ मिनिटे आणि साडेएकोणीस सेकंदांत पुरी केली.

लोक पुन्हा खाली बसले. पण आमच्यातले एक म्हातारबाबा म्हणाले, "आष्टी दुसरी असली म्हणून काय झालं? ऊन तेच, अन् दुष्काळबी तोच."

बाबांचे म्हणणे खरे होते. अविनाशचे आईवडील शेती करत आणि वीटभट्टीवर राबत. लहानपणी त्याची शाळा सहा किलोमीटर लांब होती. तो कधी चालत, कधी पळत जाई. बारावीनंतर तो सैन्यात गेला. सियाचीनच्या बर्फातही राहिला. सैन्यातल्या पळण्याच्या शर्यतींत तो २०१५ साली उतरू लागला. म्हणजे सोन्याच्या पदकाला आठ वर्षे लागली. ही आठ वर्षे ध्यानात ठेवा. माझ्या ती ध्यानात राहिली नाहीत, आणि त्यामुळे माझी फजिती झाली. तीच हकीकत आता सांगतो.

माझी पहिली शर्यत

मी शेतकरी. कापूस आणि तूर पेरतो. तेव्हा माझे वय बेचाळीस होते. मोटारसायकल घेतल्यापासून शेतात चालत जाणे सुटले होते. पोट सुटले होते. देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागे. त्या रात्री मनात आले, आपणही पळावे.

जवळच्या शहरात २६ जानेवारीला दहा किलोमीटरची शर्यत होती. मी नाव दिले. पण कापूस वेचणीचे दिवस होते. सराव करीन करीन म्हणता जानेवारी उजाडला. मग आठवडाभर सकाळी उठून जीव तोडून पळालो. पाय दुखू लागले. तरी म्हटले, आपण शेतकरी माणूस, अंगात कस आहे, निभावून नेऊ.

शर्यतीच्या दिवशी छातीवर नंबराचा कागद लावला. पोरांची ही गर्दी! शिट्टी वाजली आणि सगळी पोरे सुटली. त्यांच्याबरोबर मीही सुटलो. पहिला किलोमीटर पाच मिनिटांत गेला. मला वाटले, वा! दुसऱ्या किलोमीटरला घसा कोरडा पडला. तिसऱ्याला बरगडीखाली कळ आली. चौथ्याच्या आधीच मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मला गाडीत घालून परत आणले. गाडीत माझ्याबरोबर आणखी दोघे होते. तिघेही खाली मान घालून बसलो होतो.

गावात बातमी माझ्या आधी पोचली. लोक विचारू लागले, "काय पाव्हणं, गाडीचा नंबर कितवा आला?"

गुरुजींनी समजावले

शाळेत आम्हांला कवायत शिकवणारे गुरुजी आता निवृत्त झाले आहेत. मी त्यांच्याकडे गेलो. म्हटले, "गुरुजी, माझ्या अंगात दम नाही."

गुरुजी हसले. म्हणाले, "तुझ्याकडे पूर्वी बैल होते ना? नवा बैल पहिल्या दिवशीच दिवसभर औताला जुंपत होतास का?"

"नाही. त्याला आधी थोडे थोडे वळण लावायचे. नाहीतर बैल बसतो."

"मग स्वतःला का जुंपलेस?"

मला उत्तर देता आले नाही. मग गुरुजींनी सगळे नीट समजावून सांगितले. ते असे :

आपले काळीज म्हणजे एक पंप आहे. विहिरीवरचा पंप पाणी फेकतो, तसे काळीज रक्त फेकते. आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला प्राणवायू फुप्फुसात जाऊन रक्तात मिसळतो. ते रक्त पायांच्या स्नायूंपर्यंत पोचते. प्राणवायू मिळाला की स्नायू काम करतात. आपण जोरात पळालो की स्नायूंना प्राणवायू जास्त लागतो. सवय नसलेले काळीज तेवढे रक्त पुरवू शकत नाही. मग धाप लागते, पाय जड होतात आणि माणूस थांबतो.

रोज थोडा थोडा सराव केला की काळीज बळकट होते. एका ठोक्यात ते जास्त रक्त फेकते. मग त्याला कमी ठोके द्यावे लागतात. हे घरच्या घरी पाहता येते. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणावरच, मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवावी. घड्याळ लावून एक मिनिट ठोके मोजावे आणि वहीत लिहावे. माझे ठोके आधी ८० होते. सहा महिन्यांनी ६८ झाले. मी ते आकडे वहीत रोज लिहीत होतो, म्हणून मला कळले.

गुरुजी पुढे म्हणाले, "काळीज आणि फुप्फुसे लवकर तयार होतात. पण हाडे, सांधे आणि शिरा सावकाश तयार होतात. म्हणून दोन महिन्यांत माणसाला वाटते, आता कितीही पळू. तेव्हाच गुडघा नाहीतर नडगी दुखावते. म्हणून पळायचे ते दमाने."

मी विचारले, "दमाने म्हणजे किती जोराने?"

"सोपे आहे. पळताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. पुरे वाक्य बोलता आले, म्हणजे चाल बरोबर. दोन शब्दांत श्वास तुटला, म्हणजे चाल जास्त. मग चाल कमी कर."

आणखी एक गोष्ट गुरुजींनी बजावली. चाळिशीपुढच्या माणसाने, किंवा ज्याला रक्तदाब, मधुमेह किंवा छातीचे दुखणे आहे त्याने, आधी डॉक्टरांना दाखवावे. मी दाखवले. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आणि चालण्यापासून सुरुवात करायला सांगितले.

माझा सराव

मी फेब्रुवारीत सुरुवात केली. पहिले दोन आठवडे फक्त चाललो. रोज अर्धा तास. मग एक मिनिट पळायचे आणि दोन मिनिटे चालायचे. असे दहा वेळा. आठवड्यातून चारच दिवस. बाकीचे तीन दिवस विश्रांती. विश्रांतीच्या दिवशी अंग दुरुस्त होते आणि बळ धरते. विश्रांती हा सरावाचाच भाग आहे, आळस नव्हे.

मग पळण्याची मिनिटे हळूहळू वाढवली आणि चालण्याची कमी केली. एप्रिलमध्ये मी न थांबता वीस मिनिटे पळू लागलो.

अंतर मोजायला मला यंत्र लागले नाही. आमच्या रस्त्याला किलोमीटरचे दगड आहेत. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत एक किलोमीटर. या आठवड्यात दहा किलोमीटर झाले, तर पुढच्या आठवड्यात अकरा. त्याहून जास्त वाढवायचे नाही.

रस्त्याची काळजी घ्यावी लागते. पहाटे अंधार असतो आणि उसाचे ट्रॅक्टर येतात. म्हणून मी पांढरा सदरा घालतो. उजव्या हाताला राहून, समोरून येणारी गाडी दिसेल असा पळतो. कानात गाणी लावत नाही. कुत्रे अंगावर आले तर पळत सुटत नाही. उभा राहतो, मग सावकाश चालू लागतो.

खाण्याचे म्हणाल, तर वेगळे काही केले नाही. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, जमेल तेव्हा दूध आणि अंडी. पोटभर जेवल्यावर दोनतीन तास पळायचे नाही. बूट मात्र नीट मापाचे घेतले. पळताना पाय थोडा फुगतो, म्हणून बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवली.

लोक हसत. शेतात जाणाऱ्या बाया विचारत, "कामून पळायलाव भाऊ? कुत्रं मागं लागलंय का?" मी म्हणे, "नाही, मीच पोटामागं लागलोय." त्या हसत आणि मीही हसे. महिनाभराने हसणे बंद झाले. तीन महिन्यांनी त्यांतल्या दोघी रोज सकाळी आमच्या घरच्या मंडळींबरोबर चालायला येऊ लागल्या.

पुतण्याचे काय झाले

माझा पुतण्या तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याला पोलीस भरतीला उतरायचे होते. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. मैदानावरच्या परीक्षेला ५० गुण असतात. त्यांतले २० गुण या एका पळण्याला आहेत. आमच्या भागात शेती पावसावर. घरात एकाला नोकरी लागली तर सगळे घर तरते. म्हणून पोरे या १६०० मीटरसाठी जीव टाकतात.

मे २०२४ मधली गोष्ट. ऊन मी म्हणत होते. पुतण्या दुपारी तीन वाजता पळायला निघाला. अंगात जाड स्वेटर आणि वरून प्लास्टिकचा कोट.

मी विचारले, "अरे, हे काय?"

"काका, घाम जास्त निघाला की चरबी लवकर जळती. सगळी पोरं असंच करत्यात."

मी शेतात निघालो होतो. त्याला अडवायला हवे होते, पण अडवले नाही. अर्ध्या तासाने एक मुलगा ओरडत आला. पुतण्या रस्त्यावर पडला होता. अंग तव्यासारखे तापले होते. उलटी झाली होती. मी कोण, हे त्याला ओळखू येत नव्हते. काहीबाही बरळत होता.

आम्ही त्याला उचलून लिंबाच्या सावलीत नेले. कोट आणि स्वेटर काढला. जवळच्या विहिरीचे पाणी आणून अंगावर ओतले. ओले पंचे मानेवर, काखेत आणि जांघेत ठेवले. दोघे जण वारा घालत राहिले. एकाने १०८ नंबरला फोन लावला. तो शुद्धीवर नव्हता, म्हणून तोंडात पाणी ओतले नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतले तर ते श्वासनळीत जाते.

गाडी आली. दवाखान्यात नेले. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, "हा उष्माघात आहे. तुम्ही त्याला लगेच गार केलेत, म्हणून बरे झाले." त्याची आई दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. ती मला काही बोलली नाही. तिने रागावून चार शब्द बोलले असते, तर मला बरे वाटले असते.

ही गोष्ट एकट्या माझ्या पुतण्याची नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरती चालू होती. तेव्हा पाच किलोमीटर पळावे लागे. पळताना उन्हात उमेदवार कोसळले आणि त्यांतले काही जण दगावले. पुढे ते अंतर कमी करण्यात आले.

उन्हात असे का होते? घरातला माठ आठवा. माठातून पाणी पाझरते. ते वाऱ्याने वाळते, म्हणून आतले पाणी गार राहते. आपल्या अंगाचेही तसेच आहे. घाम येतो, तो वाळतो, म्हणून अंग गार राहते. प्लास्टिकचा कोट घालणे म्हणजे माठाला प्लास्टिक गुंडाळणे. घाम येतो, पण वाळत नाही. मग अंगातली उष्णता अंगातच कोंडते. घामाने वजन उतरते, ते पाण्याचे. चरबी तशीच राहते. दोन तांबे पाणी प्यायले की वजन पुन्हा तेवढेच.

म्हणून उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत पळावे. सैल, सुती, फिक्या रंगाचे कपडे घालावे. पळण्याआधी आणि नंतर पाणी प्यावे. फार घाम गेला तर घरीच पाणी तयार करावे. उकळून गार केलेले एक लिटर पाणी घ्यावे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. ढवळावे आणि घोट घोट प्यावे. डोके गरगरले, मळमळले, अंगावर काटा आला किंवा छातीत दुखले, तर त्या क्षणी थांबावे. तिथे हिंमत दाखवू नये.

शंभर वर्षांपूर्वीचे शेतकरी

पुतण्या घरी पडून होता, तेव्हा मी त्याला गुरुजींकडून ऐकलेली एक जुनी हकीकत सांगितली.

१९१९ साल. पुण्यात डेक्कन जिमखाना नावाची संस्था आहे. तिचे अध्यक्ष तेव्हा दोराबजी टाटा होते. जिमखान्याच्या मैदानावर पळण्याच्या शर्यती भरल्या. पळणारी पोरे शेतात राबणाऱ्या घरची, साधे अन्न खाणारी होती. मैदान तयार केलेले नव्हते. तरी त्यांची पळण्याची वेळ पाहून टाटांना नवल वाटले. ही पोरे परदेशात का पाठवू नयेत, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी पुढाकार घेतला. पुढच्याच वर्षी, १९२० साली, बेल्जियम देशातल्या अँटवर्प शहरात ऑलिंपिक खेळ झाले. तिथे भारताचे खेळाडू गेले.

त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉन पळाले. आपल्याकडे हल्ली कोणत्याही शर्यतीला मॅरेथॉन म्हणतात. पण खरी मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरहून थोडी जास्त असते. आमच्या दहा किलोमीटरच्या चौपटीपेक्षा लांब. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि ते एकोणिसावे आले. त्यांच्याबरोबर सदाशिव दातारही पळाले. त्यांना शर्यत पुरी करता आली नाही.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे काका, ऑलिंपिकला गेलेल्या माणसालाबी मधे थांबावं लागलं?"

"हो रे बाबा. थांबण्यात लाज नाही."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उद्यापासून तुमच्याबरोबर पहाटे येतो. आधी चालायलाच येतो."

लेकी आणि बाया

पळणे पुरुषांचेच काम, असे कोणी समजू नये. सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. तोही आपल्यासारखाच कोरडा. तिथल्या मोही गावची ललिता बाबर शेतकऱ्याची मुलगी. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे ती भारतीय स्त्रियांत पहिली आली. २०१६ साली ब्राझील देशातल्या रिओ शहरात ऑलिंपिक झाले. तिथे अडथळ्यांच्या शर्यतीत ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली आणि दहावी आली.

दुसरी गोष्ट बारामतीकडच्या लता करे यांची. साठी उलटलेली ही बाई शेतमजुरी करून पोट भरी. नवरा आजारी पडला. औषधपाण्याला पैसे नव्हते. तेव्हा बारामतीच्या शर्यतीला बक्षीस आहे, असे तिला कळले. ती लुगडे नेसून, अनवाणी पळाली आणि पहिली आली. २०२० साली तिच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला. त्यात तिचे काम तिनेच केले. तिच्या धैर्याला नमस्कार करावा. पण नवऱ्याच्या औषधासाठी म्हातारपणी पळायची वेळ कोणावर येऊ नये, हेही मनात आणावे.

माझी दुसरी शर्यत

जानेवारी २०२५ मध्ये मी पुन्हा त्याच शर्यतीला गेलो. या खेपेला अकरा महिन्यांचा सराव गाठीशी होता. आदल्या दिवशी पळालो नाही. रात्री लवकर जेवून झोपलो. सकाळी शर्यतीआधी दोन तास एक भाकरी आणि गूळ खाल्ला. नवे बूट घातले नाहीत. पायाला बसलेले जुनेच घातले. उभे राहण्याआधी दहा मिनिटे सावकाश पळून अंग गरम केले.

शिट्टी वाजली. पोरे सुसाट सुटली. माझे पायही ओढ घेऊ लागले. मी मनाला म्हटले, दमाने. पहिल्या किलोमीटरला साडेसात मिनिटे लागली. सगळे माझ्या पुढे होते. दहाबारा वर्षांची एक मुलगी माझ्या पुढे निघून गेली. सत्तरीचे एक गृहस्थही पुढे गेले. मनाला लागले, पण चाल वाढवली नाही.

चौथ्या किलोमीटरपाशी तो दगड आला. गेल्या वर्षी मी त्यावर बसलो होतो. या वर्षी त्यावर दुसरा एक तरुण बसला होता. मी त्याला म्हटले, "ऊठ दादा, माझ्याबरोबर चाल. पळू नको, नुसता चाल." तो उठला. शंभर पावले मी त्याच्याबरोबर चाललो. मग आम्ही दोघे हळूहळू पळू लागलो.

सातव्या किलोमीटरनंतर पुढे गेलेली पोरे एकेक करून मागे पडू लागली. मी कोणाला हरवत नव्हतो. मी माझ्या चालीने चाललो होतो. शेवटचा किलोमीटर मात्र सर्वांत जलद गेला. एक तास बारा मिनिटांनी मी दोरी ओलांडली. ती सत्तरीची व्यक्ती आधीच येऊन पाणी पीत बसली होती. त्यांनी मला जागा करून दिली.

माझा कितवा नंबर आला, हे मला माहीत नाही. बक्षीस पहिल्या तिघांना होते. घरी आलो, तर म्हातारबाबा पारावर होते. त्यांनी विचारले, "गाडीतून आलास का पायांनी?"

मी म्हटले, "पायांनी, बाबा. दहाच्या दहा किलोमीटर."

बाबा सरकले आणि शेजारी हात ठेवून म्हणाले, "मग बस इथं."

पुतण्याचे त्या वर्षीच्या भरतीत जमले नाही. आजारातून उठल्यावर सरावाला दिवस थोडे राहिले होते. नाव यादीत आले नाही. त्याला वाईट वाटले. आम्हा सर्वांनाच वाटले. पण तो पहाटे उठतो. वहीत ठोके आणि मिनिटे लिहितो. सकाळी पळणे, दुपारी अभ्यास, संध्याकाळी शेतातले काम. गावातली सहा पोरे आता त्याच्याबरोबर असतात. त्यांतल्या कोणाच्या अंगावर प्लास्टिकचा कोट नसतो. कोणी घालून आलाच, तर पुतण्या स्वतः तो काढायला लावतो.

ध्यानात ठेवा

१. आधी चालावे, मग चालत पळावे, मग पळावे.
२. पळताना बोलता आले पाहिजे.
३. आठवड्यातून तीन दिवस विश्रांती घ्यावी.
४. अंतर थोडे थोडे वाढवावे.
५. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत पळावे. जाड किंवा प्लास्टिकचे कपडे घालू नयेत.
६. चक्कर, मळमळ किंवा छातीत कळ आली तर लगेच थांबावे.
७. उन्हाने कोणी पडला तर सावलीत न्यावे, अंग भिजवावे, वारा घालावा आणि १०८ नंबरला फोन करावा.
८. शर्यत सुरू होताना मागे राहायला भिऊ नये.